पारंपरिक कॅथलिक म्हणून गोव्यात एकटे पडल्यावर तग कसा धरावा?

जवळपास लॅटिन मिस्सा (जुन्या विधीची लॅटिन भाषेतली सामूहिक उपासना) होत नाही आणि घरचेही हसतात, अशा स्थितीत मिस्सेची वाट पाहत न बसता आधी घरातल्या प्रार्थनेची वेळ पक्की करावी. याला गोव्याशी जोडलेलाच दाखला आहे. डचांनी १६५८ मध्ये श्रीलंकेतले जाफना घेतल्यावर तिथल्या कॅथलिकांना सुमारे तीस वर्षे धर्मगुरूंविना काढावी लागली. १६८७ मध्ये गोव्यातल्या बाणावलीचे धर्मगुरू संत जोसेफ वाझ वेश पालटून, कॅथलिकांना ओळख पटावी म्हणून गळ्यात जपमाळ घालून तिथे पोचले, तेव्हा श्रद्धा जपून राहिलेली कुटुंबे त्यांना सापडली. तुमची अडचण त्यापुढे पुष्कळ सौम्य आहे, हेही खरे. संध्याकाळच्या घंटेनंतर घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणावा आणि वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लादीन, म्हणजे गाऊन म्हटली जाणारी सामूहिक प्रार्थना, असेल तिथे अवश्य जावे, कारण ते अजूनही अनेक ठिकाणी व्हायोलिनच्या साथीने लॅटिनमध्येच गायले जाते. नंतर मिळणारे उकडलेले चणे हातात घेऊन शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलावे, माझ्या मते एकटेपणा तिथेच हलका होतो. मात्र चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) १२४८ नुसार घरची प्रार्थना हा पर्याय धर्मगुरू नसताना किंवा गंभीर कारणानेच आहे, त्यामुळे केवळ कोकणी मिस्सा रुचत नाही म्हणून रविवार चुकवता येणार नाही. जुन्या विधीच्या लॅटिन मिस्सेची परवानगी २०२१ पासून बिशपांच्या हाती असल्याने विनंती त्यांच्याकडेच लेखी करावी.