बदली होऊन रत्नागिरीत आलो आहे. कोकणात वेगळ्या आणि आधुनिक गाड्या पाहायला मिळतात का? त्या ओळखायच्या कशा?

आपण विचारले आहे की, मुंबईत असताना वरचेवर एखादी अनोखी गाडी दृष्टीस पडायची, आता रत्नागिरीत आल्यावर हा छंद बंद पडेल का. इथे अशा गाड्या कुठे दिसतात, त्या नेमक्या ओळखायच्या कशा, आणि इथल्या गाडीवेड्या मंडळींशी गाठ कशी पडेल. माझे सरळ उत्तर असे की छंद बंद पडणार नाही, उलट त्याला खोली येईल. मुंबईत गाडी सिग्नलला दिसते आणि दिवा हिरवा होताच निघून जाते. कोकणात गाडी थांबते. ती फेरीबोटीसाठी रांगेत उभी राहते, घाट चढून आल्यावर चहाच्या टपरीसमोर उभी राहते, चार्जिंगला लावलेली असते, आणि गणपतीत तर थेट वाडीतल्या अंगणात मुक्कामाला येते. थांबलेली गाडी चारही बाजूंनी पाहता येते, वाकून खालून पाहता येते आणि तिच्या मालकाशी निवांत बोलताही येते. गाड्यांची संख्या मुंबईत जास्त असेल, पण पाहायला मिळणारा वेळ इथे जास्त आहे, आणि गाडी समजायला वेळच लागतो.

जागांमध्ये माझी पहिली पसंती फेरीबोटीच्या धक्क्याला आहे. आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे जयगड–तवसाळ; तिच्या उत्तरेला वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ–धोपावे, सावित्रीच्या मुखाशी वेसवी–बागमांडले आणि राजपुरीच्या खाडीवर दिघी–आगरदांडा. बोट लागली की तिच्या पुढचा लोखंडी फाळका धक्क्याच्या उतारावर टेकतो आणि गाड्या एकेक करून त्यावरून उतरतात. फाळका आणि धक्का यांच्यातला कोन भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, त्यामुळे एकच गाडी सकाळी सहज उतरते आणि दुपारी तिला कसरत करावी लागते.

जयगडच्या बाजूला एकदा बीवायडी सील ही लांब, बसकी, विजेवर चालणारी सेदान उतरताना मी जवळून पाहिली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,९२० मिलिमीटर आहे आणि बॅटरी त्या दोन चाकांच्या मधल्या सगळ्या तळाला व्यापून बसलेली असते. बोटीवरच्या कामगाराने हात दाखवून चालकाला थांबवले, मागे बसलेल्या दोघांना खाली उतरवले आणि गाडी तिरकी घ्यायला लावली, म्हणजे पुढचे एक चाक आधी कडेवरून उतरले, मग दुसरे, आणि त्याच क्रमाने मागची. मी बाजूला उकिडवा बसून पाहत होतो. गाडीचे पोट आणि लोखंडी कड यांच्यात जेमतेम दोन बोटांचे अंतर राहिले, पण कुठेही घासले नाही. तिच्यामागून मारुतीची पाच दारांची जिम्नी आली. तिच्या चाकांमधले अंतर २,५९० मिलिमीटर आणि जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर. ती वेग कमी करून सरळ उतरून गेली. गाडी खाली लागते की नाही हे केवळ उंचीवर ठरत नाही, चाकांमधल्या अंतरावरही तितकेच ठरते, ही गोष्ट माहितीपत्रके वाचून मला जेवढी कळली नव्हती तेवढी त्या धक्क्यावर पाच मिनिटांत कळली. उंची तीच ठेवून गाडी लांब केली की तिचे पोट कडेच्या जवळ येते. विजेवरच्या गाड्यांमध्ये बॅटरीला जागा हवी म्हणून हे अंतर मोठे ठेवतात. ह्युंदाई आयोनिक ५ मध्ये ते पूर्ण ३,००० मिलिमीटर आहे. तेव्हा अशा गाडीची चर्चा करताना आमच्याकडे पहिला प्रश्न किमतीचा नसतो, ती ओहोटीला बोटीवर चढेल का, हा असतो.

काळाचे म्हणाल तर गणपती, शिमगा आणि मे महिना. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस हातखंबा तिठ्यावर उभे राहिलात तर मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर या सगळ्या पासिंगच्या गाड्या एकाच ठिकाणी दिसतील, कारण मुंबई–गोवा महामार्ग आणि रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता तिथे एकमेकांना मिळतात. चाकरमान्यांमध्ये नवी गाडी घेतली की ती आधी गावी आणून ग्रामदेवतेसमोर नारळ फोडायची पद्धत आहे. त्यामुळे बाजारात नुकतेच आलेले मॉडेल शहरात अजून विरळ असताना एखाद्या वाडीत हार घालून उभे असलेले दिसते, आणि अनेकदा त्यावर कायमचा नंबरही नसतो, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांतला तात्पुरता नंबर असतो.

पाटीचा विषय निघालाच आहे तर तो थोडक्यात संपवतो, कारण पाटी वाचता येणे हे या छंदातले पहिले अक्षर आहे. लाल पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे विक्रेत्याच्या किंवा कारखान्याच्या ताब्यातली गाडी. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे विजेवरची खाजगी गाडी, पिवळी असतील तर विजेवरचीच पण भाड्याची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी, आणि ती गोव्याच्या पासिंगची असण्याचा संभव सिंधुदुर्गात बराच. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ दिसले तर मात्र थांबाच. २०२१ च्या नियमांनुसार ही मालिका पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी आहे.

निव्वळ किमतीच्या मापाने दुर्मीळ गाड्या पाहायच्या असतील तर अलिबागजवळचे मांडवा गाठावे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून शनिवारी सकाळी तिच्या पोटातून लॅम्बोर्गिनी उरुस, डिफेंडर, मर्सिडीजची जी-वॅगन अशा गाड्या बाहेर पडताना दिसतात. मी तिकडे क्वचित जातो. पाहण्यासारखे पुष्कळ असते, पण बोलण्यासारखे कमी, कारण गाडी चालवणारा बहुधा मालक नसतो आणि त्याला घाई असते. त्याच अलिबागच्या रस्त्यावर प्रवासी वाहणारी तीन चाकी मिनिडोर अजून दिसते, आणि तिचा चालक मात्र इंजिनापासून गिअरपर्यंत सगळे मनापासून समजावून सांगतो. माझ्या दृष्टीने ती उरुसपेक्षा अधिक पाहण्याजोगी आहे, कारण उरुस जगात अनेक शहरांत दिसेल, मिनिडोर दिसणार नाही.

इथे एका गोष्टीवर मी जरा थांबतो. कोकणात गाडी दुर्मीळ होते ती खाऱ्या हवेमुळे. चार महिने पाऊस, वर्षभर दमट खारा वारा आणि जांभ्याची लाल धूळ यांत पत्रा टिकवणे सोपे नाही. म्हणून किनाऱ्यालगत चालत्या स्थितीत असलेली प्रीमियर पद्मिनी, काँटेसा किंवा पहिली टाटा सिएरा ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. संगमेश्वरकडच्या एका घराच्या अंगणात १९९१ च्या पिढीतली सिएरा उभी असते. मालकांच्या परवानगीने मी ती अनेकदा पाहिली आहे. या गाडीला बाजूला दोनच दारे, आणि मागच्या आसनांच्या बाजूची भली मोठी काच वर जाऊन छताकडे वळलेली. ती काच उघडत नाही. ती रबराच्या पट्टीत बसवलेली आहे. त्या रबराखाली पाणी साचून पत्रा गंजू नये म्हणून मालक दर पावसाळ्याआधी पट्टीच्या कडेने मऊ ब्रशने धूळ काढतात, कोरड्या फडक्याने पुसतात आणि मग हलकासा तेलाचा हात देतात. काच फुटली तर तशी दुसरी मिळवणे फार अवघड, म्हणून आंब्याच्या मोसमात ती गाडी झाडाखालून हलवून पडवीत घेतात. टाटांनी २०२५ च्या नोव्हेंबरात नवी सिएरा आणली तेव्हा आमच्यात या काचेवरूनच सर्वांत जास्त वाद झाला. नव्या गाडीला बाजूला चार दारे आहेत, त्यामुळे जुन्यासारखी एकसंध वळलेली काच तिथे बसणे शक्य नव्हते; काळ्या रंगाच्या भागांनी ती आठवण राखली आहे. काहींना हे पुरेसे वाटते, मला वाटत नाही, पण चार दारांची सोय घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी किती मोलाची आहे हेही मी मान्य करतो.

ओळखण्याचे म्हणाल तर नाव आणि बोधचिन्ह सर्वांत शेवटी पाहावे अशी सवय लावून घ्या, कारण तीच दोन सर्वांत सहज बदलता येतात. आधी काचांची रेषा पाहावी, मग दारांच्या बिजागऱ्या आणि कड्या, मग चाकांपुढे आणि मागे उरलेला भाग. जुन्या जीपची जाळी मोजावी: युद्धकाळातल्या विलीजला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी सीजेला सात, आणि बोनेट विशेष उंच असेल तर ती सीजे-३बी, कारण तिच्यातले इंजिनच उंच होते. काचेच्या कोपऱ्यातली बारीक छापखूणही वाचावी. ‘आयएस २५५३’ असे असेल तर ती भारतीय मानकाची काच. वर्तुळात ‘ई’ आणि आकडा असेल तर कोणत्या देशाने त्या काचेला मान्यता दिली ते कळते; १ म्हणजे जर्मनी, ११ म्हणजे ब्रिटन, ४३ म्हणजे जपान. नुसत्या त्या खुणेवरून गाडी आयात केलेली आहे असे ठरवू नये, पण बाकीच्या खुणांशी ताडून पाहायला ती फार उपयोगी पडते. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेली चाचणीची गाडी दिसली तर हीच रीत उपयोगी पडते: नक्षीमुळे कडा आणि वळणे फसवी दिसतात, चाकांमधले अंतर आणि आरशांची जागा मात्र लपवता येत नाही. तिचा पाठलाग करू नये. घाटात ते सर्वांच्याच जिवावर बेतते.

चर्चा कशी असते, याचे एक उदाहरण देतो. आंबा घाट उतरून साखरप्याला आल्यावर विजेवरच्या गाडीची बॅटरी दहा टक्के भरते, असे एका गृहस्थांनी चार्जिंगच्या ठिकाणी छातीठोकपणे सांगितले. आम्ही तिथेच कागदावर हिशेब मांडला. सुमारे २,००० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली तर मिळू शकणारी एकूण ऊर्जा साधारण २.७ युनिट होते. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते, काही मोटर आणि बॅटरीच्या देवाणघेवाणीत. दोन युनिट हाती लागले तरी पुष्कळ. आयोनिक ५ ची बॅटरी ७२.६ युनिटची आहे, म्हणजे भर पडते ती तीन टक्क्यांच्या आतच. मग त्या गृहस्थांनी पाहिले ते काय होते? पडद्यावरचा ‘अजून इतके किलोमीटर जाईल’ हा आकडा गाडी नुकत्याच झालेल्या विजेच्या खपावरून काढते, आणि घाट उतरताना खप जवळजवळ शून्य असल्याने तो आकडा भराभर वाढतो. त्यांनी स्वतः पुढच्या खेपेला माथ्यावर आणि पायथ्याला टक्केवारीचे फोटो काढून आणले, आणि त्यातून आम्हा सर्वांच्याच माहितीत भर पडली. मला या मंडळींचे हे फार आवडते की मत मोठ्याने मांडतात, पण ते तपासायलाही तयार असतात.

ओळखी करून घ्यायच्या असतील तर आधी एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये जाऊन बसा. कोणाच्या घरी कोणती गाडी ताडपत्रीखाली आहे, कोणाची चालू आहे आणि कोणाची नुसती उभी आहे, हे मेस्त्रींना ठाऊक असते, आणि आपण भावाची घासाघीस करायला आलेलो नाही हे पटले की ते स्वतःहून नाव सुचवतात. रविवारी सकाळी लवकर आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यावरही गाड्या फोटोसाठी थांबतात. तिथे ‘गाडी कितीची?’ असे न विचारता ‘घाटात कशी चालते?’ असे विचारून पाहा, समोरचा माणूस अर्धा तास बोलेल. वाडीतल्या अंगणात शिरण्यापूर्वी घरच्यांना हाक मारावी. फोटो कोणालाही पाठवताना नंबर आणि घराची ओळख पटेल असा भाग झाकावा, विशेषतः जुन्या गाडीच्या बाबतीत, कारण सुट्या भागांसाठी अशा गाड्यांवर लक्ष ठेवणारे लोक असतात आणि मालक बहुतेक वयस्क व एकटे राहणारे असतात.