पगार सोडून होलिस्टिक वेलनेसची प्रॅक्टिस : फी भरता येईल, मधल्या वर्षांचे काय?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र आणि त्यासोबत जोडलेला हिशेबाचा कागद मी दोनदा वाचला. तुमचे वय ४१ आहे, एकाच कार्यालयात तुमची १६ वर्षे नोकरी झाली आहे, आणि आईच्या दीर्घ आजारपणात तिच्याजवळ बसून श्वसनाचे साधे प्रकार, हलका मसाज आणि शांतपणे ऐकून घेणे एवढ्यानेच तिला जो आराम पडत गेला, त्यातून या क्षेत्राची ओढ लागली असे तुम्ही लिहिले आहे. एका संस्थेचा दोन वर्षांचा, दिवसा चालणारा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम तुम्ही निवडला आहे. त्यात नऊ उपचारपद्धती शिकवल्या जातात आणि महिनाअखेरीस एकरकमी फी भरल्यास २० टक्के सवलत मिळते. राजीनामा देऊन, फीचे काही पैसे निवृत्तीच्या खात्यातून काढून हा प्रवेश घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो. या क्षेत्रात तुम्ही जरूर यावे, परंतु या महिन्यात फी भरू नये, निवृत्तीच्या खात्याला हात लावू नये आणि नोकरी तर अजिबात सोडू नये. आकडे मी पैशांत न मांडता तुमच्या हाती पडणाऱ्या मासिक पगाराच्या मापाने मांडतो, म्हणजे किती महिन्यांची कमाई पणाला लागत आहे हे थेट दिसेल.

तुमच्या कागदावर खर्च म्हणून एकच रक्कम आहे, ती फीची. ११ पगारांची फी सवलतीनंतर ८.८ पगारांवर येते, आणि तुमच्याकडे ७ पगार बचत खात्यात व २२ पगार निवृत्तीच्या खात्यात आहेत, म्हणून हे जमण्यासारखे आहे असे तुम्हाला वाटते. आता घराकडे पाहू. घरखर्चातला तुमचा वाटा आणि कर्जाचा हप्ता मिळून दरमहा पाऊण पगार जातो. शिक्षणाच्या २४ महिन्यांत पगार येणार नाही, पण हा पाऊण पगार लागणारच. म्हणजे १८ पगार तिथेच गेले. पदविका मिळाल्यानंतर पहिल्या दिवसापासून उपचाराचे दालन क्लायंटनी भरलेले नसते. पहिल्या महिन्यात ६ सत्रे आणि दीड वर्षाने महिन्याला ५४ सत्रे अशी बऱ्यापैकी चांगली वाढ धरली, तर १८ महिन्यांत ५४० सत्रे होतात. तुम्ही धरलेल्या दराने ४० सत्रांची कमाई एका पगाराइतकी होते, म्हणून जमा १३.५ पगार. त्यातून जागेचे भाडे, विमा आणि साहित्य यांसाठी दरमहा ०.३ पगार वजा केले की ८.१ उरतात, आणि घराला तेवढ्या काळात १३.५ लागतात. तूट ५.४ पगारांची.

फी, शिक्षणाचा काळ आणि सुरुवातीची तूट यांची बेरीज ३२.२ पगार होते. तुमच्या गाठीशी सगळे मिळून २९ आहेत. ज्या फीवर तुमचा सारा विचार केंद्रित झाला आहे, ती खऱ्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडीच जास्त आहे. बाकीचा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो, कारण तो संस्थेला द्यायचा नसून तुमच्या स्वयंपाकघरातून जायचा असतो.

निवृत्तीच्या खात्यातून ५ पगार काढण्याविषयी वेगळे बोलायला हवे. ८ टक्के परतावा धरला तर पैसा ९ वर्षांत दुप्पट होतो, १८ वर्षांत चौपट. म्हणजे आज काढलेले ५ पगार तुमच्या एकोणसाठाव्या वर्षी २० झाले असते. महागाईमुळे त्या वेळच्या २० ची किंमत आजच्या २० इतकी नसेल हे खरे, तरीही स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला पुढे निवृत्तीत मालकाचा हिस्सा मिळत नाही, आणि म्हणूनच आज साठलेले पैसे तुमच्यासाठी नोकरदारापेक्षाही मोलाचे आहेत. पर्याय म्हणून तुम्ही ६ पगारांचे वैयक्तिक कर्ज सुचवले आहे. १२ टक्के व्याजाने ते तीन वर्षांत फेडायचे तर दरमहा पगाराचा पाचवा हिस्सा हप्त्यात जाईल. पगार चालू असताना हा हप्ता ओढाताणीने का होईना भरता येतो, पगार बंद असताना मात्र तो फेडायला दुसरे कर्ज काढावे लागते.

तुमच्या कागदावरील एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो : ‘रोज ५ क्लायंट, महिन्याला २५ दिवस’. त्या ओळीवर तुम्ही महिन्याला १२५ सत्रे आणि तीन पगारांहून अधिक उत्पन्न धरले आहे. काही वर्षांपूर्वी मसाज थेरपीची प्रॅक्टिस करणाऱ्या एक बाई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या होत्या. त्यांनी पुढे ठेवलेली भेटींची वही मला अजून आठवते. नावे पेन्सिलने लिहिलेली, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर खोडरबराने पुसलेल्या नोंदींचे करडे डाग. एका मंगळवारी चार नावे होती, तीन पुसलेली. त्या दिवशी त्यांनी एका माणसासाठी दालन उघडले, चादरी बदलल्या, भाडे भरले, आणि उरलेला दिवस फोनची वाट पाहण्यात गेला. हात चांगला होता, माणसे समाधानाने परत येत होती. फक्त त्यांच्या अंदाजपत्रकात त्या करड्या डागांना जागा नव्हती.

एक तासाचे सत्र एका तासात संपत नाही. आधी मागच्या नोंदी वाचायच्या, खोली तयार करायची. नंतर आवराआवर, नवी नोंद, पुढची वेळ ठरवणे. शिवाय चौकशीचे फोन आणि हिशेब. हे धरले तर एका सत्राला पावणेदोन तास लागतात आणि दिवसाला तीन सत्रे हे सांभाळता येईल असे काम ठरते. हाताचे काम असेल तर मनगट, अंगठा आणि पाठ यांचाही विचार करावा लागतो, कारण त्या दुखावल्या की उत्पन्न त्याच दिवशी थांबते. २० दिवसांत ६० सत्रे, त्यातील दहांपैकी एक रद्द, म्हणजे ५४. आता ही ५४ सत्रे कुठून येतात ते पाहा. प्रत्येक क्लायंट महिन्यातून दोनदा आला, तर २७ जण लागतील. माणूस साधारण चार महिने येतो आणि मग त्याला बरे वाटते, कंटाळा येतो किंवा पैशांची अडचण होते असे धरले, तर दरमहा जवळपास ७ नवी माणसे तुमच्या दारात यायला हवीत, आणि तीही दर महिन्याला, न थांबता. पदविकेच्या दोन वर्षांत नऊ उपचारपद्धती शिकवल्या जातील, पण ही सात माणसे कशी आणायची हे शिकवले जाणार आहे का, हा प्रश्न संस्थेला विचारून पाहा.

ही भरलेली प्रॅक्टिस खर्च वजा जाता करापूर्वी १.०५ पगार देते. म्हणजे तुमचे स्वप्न वेडे नाही. भरपगारी रजा आणि मालकाने भरलेला विमा त्यात नसला, तरी त्यातून घर चालू शकते. प्रश्न आहे तो तिथपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा.

आता काय शिकावे याविषयी. ‘होलिस्टिक’ हा शब्द यान स्मट्स यांनी १९२६ साली रूढ केलेल्या ‘होलिझम’ (तुकडे न करता संपूर्णाचा विचार) या तात्त्विक कल्पनेतून आला आहे; तो कोणत्याही परवान्याचे नाव नाही. म्हणून प्रमाणपत्र कोण देते, त्यामागे परीक्षा आहे का, आणि ते इतर कुणी मानते का, हे तपासणे अत्यावश्यक आहे. योगाच्या बाबतीत बहुतेकांना ठाऊक असलेले २०० तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रमाण योगा अलायन्स या १९९९ साली सुरू झालेल्या संस्थेचे आहे, पण ती मुळात नोंदणी करणारी संस्था आहे, सरकारी परवाना देणारी नव्हे. याउलट आरोग्य-कोचिंगमध्ये, म्हणजे माणसाला आरोग्याच्या सवयी बदलायला संवादातून साथ देण्याच्या कामात, नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंग ही अमेरिकी संस्था २०१७ पासून वैद्यकीय परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या साहाय्याने लेखी परीक्षा घेते, आणि परीक्षेला बसण्यापूर्वी ५० कोचिंग सत्रांची नोंद मागते. ही ५० सत्रांची अट मला फार मोलाची वाटते. शिक्षण कोणतेही घेतले तरी ती स्वतःला लावून घ्यावी.

तुमच्या नऊ पद्धतींमध्ये काहींना चांगला आधार आहे, काहींना नाही, आणि हा पैशांचाही प्रश्न आहे. दीर्घकालीन कंबरदुखीत योगाने हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा होते, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात दिसले. दुसऱ्या बाजूला, हाताने ऊर्जा जाणवते असा दावा करणाऱ्या ‘थेराप्युटिक टच’च्या २१ उपचारकांची एमिली रोझा या शाळकरी मुलीने चाचणी घेतली होती. पडद्याआडून आपल्या कोणत्या हाताजवळ तिचा हात आहे हे त्यांना २८० पैकी १२३ वेळाच, म्हणजे ४४ टक्के वेळा, ओळखता आले. नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात. ही चाचणी १९९८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्या पद्धतीचा परिणाम दाखवता येतो, ती शिकण्यात घातलेला पैसा डॉक्टरांच्या शिफारशीतून परत येण्याची शक्यता असते. बाकीच्या पद्धतींसाठी तुम्हाला आयुष्यभर फक्त जाहिरातीवर विसंबावे लागेल. आणि कोणाचेही औषध थांबवायला सांगायचे नाही, आजाराचे निदान करायचे नाही, ही मर्यादा पहिल्या दिवशीच लेखी ठरवावी. तुमच्या आईचे औषधोपचार चालूच होते आणि तुम्ही त्याच्या जोडीला होता, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. तीच जागा तुमची आहे. व्यावसायिक दायित्व विमा, म्हणजे तुमच्या कामातून कुणाला इजा झाल्यास भरपाईचा भार उचलणारा विमा, पहिल्या सशुल्क सत्राच्या आधी घ्यावा.

माझी योजना अशी आहे. ७ पैकी ४.५ पगार, म्हणजे सहा महिन्यांची घराची गरज, बाजूला ठेवा आणि विसरून जा. उरलेले २.५ आणि दरमहा शिल्लक पडणारा पगाराचा दहावा हिस्सा दीड वर्ष साठवून १.८, असे ४.३ पगार तुमच्या शिक्षणासाठी आहेत. त्यात एकच विषय, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी शिकता येईल असा, नीट शिकून होतो. तुमच्या पत्रातून ऐकून घेण्याचे आणि श्वसनाचे अंग पुढे दिसते, म्हणून आरोग्य-कोचिंग किंवा योग यांपैकी एक मी निवडला असता.

तासावर विकल्या जाणाऱ्या कामाची अडचण अशी की तास वाढत नाहीत. म्हणून सुरुवातीपासून गटाचे काम ठेवा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला सजगतेचा (माइंडफुलनेस) कार्यक्रम आठ आठवड्यांचा आणि गटाचा आहे. तो शिकवायला त्याचे वेगळे प्रशिक्षण लागते, परंतु त्याचा साचा व्यवसायाच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ठरावीक मुदत, ठरावीक दिवस आणि आगाऊ फी असली की एक जण गैरहजर राहिला तरी तुमचा तास वाया जात नाही.

राजीनाम्याची अटही आकड्यात ठेवू. तासाने मिळणाऱ्या जागेचा खर्च वजा जाता घराच्या गरजेचा निम्मा भाग, म्हणजे ०.३७५ पगार, सलग सहा महिने प्रॅक्टिसमधून मिळाला पाहिजे. भाडे ०.१ धरले तर त्याला महिन्याला १९ सत्रे लागतात, आठवड्याला चार ते पाच. नोकरी सांभाळून हे शक्य आहे. ते साधले की आधी कार्यालयाकडे कमी तासांची मागणी करा. पूर्ण राजीनामा त्यानंतरचा विषय.

सवलतीविषयी एवढेच की २.२ पगार वाचवण्यासाठी ३२ पगारांचा निर्णय महिनाअखेरीवर सोपवता येत नाही. संस्थेला या आठवड्यात पत्र लिहून तीन गोष्टी लेखी मागा : मध्येच सोडल्यास फी परतीचा नियम, शैक्षणिक सत्रागणिक हप्त्यांनी फी भरण्याची सोय, आणि तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच विद्यार्थ्यांशी बोलण्याची परवानगी. शेवटची मागणी नाकारली गेली, तर तेही उत्तरच समजा.

दरम्यान ओळखीच्या लोकांसोबत दहा सत्रे विनामूल्य घ्या, मग अकराव्यापासून पैसे मागा आणि प्रत्येक भेट एका वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वही मला पाठवा. रद्द झालेल्या नोंदी पुसू नका, त्या फक्त एका रेघेने काटा, म्हणजे मला त्या मोजता येतील.