युरोपात खाणी बंद केल्या आहेत म्हणतात. मग त्यांच्या टाइल्स, टूथपेस्ट, कागदाला लागणारी खनिजं कुठून येतात? आपणही कोकणातल्या खाणी बंद कराव्यात का?

बंद केल्या आहेत हे कोणी सांगितलं तुम्हाला? हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो. तुमच्यावर नाही, या समजुतीवर.

कोळशाच्या बऱ्याच खाणी बंद झाल्या, खरं आहे. पण तुम्ही विचारताय ती खनिजं वेगळी. चिनी माती, फेल्स्पार (ग्रॅनाइटसारख्या दगडातलं, टाइल्सना लागणारं खनिज), टाल्क (टाल्कम पावडरीचा मऊ दगड), चुनखडी, काचेची वाळू, मीठ ही युरोपात आजही भरपूर निघतात. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात त्रिमून्सला सुमारे 1,800 मीटर उंचीवर टाल्कची खाण आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या खाणींपैकी एक. इंग्लंडात विन्सफर्डला 1844 साली सुरू झालेल्या खाणीतून आजही मीठ काढतात आणि हिवाळ्यात ते रस्त्यांवर टाकतात. इटलीतलं कारारा आपल्याला मायकेलअँजेलोच्या संगमरवरामुळे माहीत, पण तिथल्या डोंगरातून निघणाऱ्या दगडाचा मोठा भाग मूर्तींना जात नाही. त्याची भुकटी होते आणि ती कागदात, रंगात, टूथपेस्टमध्ये जाते. तुमच्या प्रश्नातल्या टूथपेस्टचं उत्तर हे. यावरून कारारातले लोक वर्षानुवर्षं भांडतायत.

आता मला राग का येतो ते सांगते. माझं माहेर कणकवली तालुक्यातलं. जवळच कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी. मी सिरॅमिक इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा गणपतीत सगळे जमलेले असताना माझा मावसभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "म्हणजे तू डोंगर खाणाऱ्यांच्या पंगतीला बसणार." कोणी काही बोललं नाही. आईसुद्धा नाही. ते मला फार लागलं. नंतरही प्रत्येक भेटीत त्याचं एकच पालुपद: परदेशात निसर्ग जपतात, तिथे असले धंदे चालत नाहीत.

पुढे मी इंग्लंडला आले. स्टोक-ऑन-ट्रेंटला कप-बशांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या बोन चायनात, म्हणजे पांढऱ्या, पातळ कप-बशांच्या मिश्रणात, साधारण निम्मी हाडांची राख असते, उरलेल्यात कॉर्निश स्टोन नावाचा दगड आणि चिनी माती. ही माती इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची. प्लिमथच्या विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधविक्रेत्याला ती 1746 च्या सुमारास ट्रेगॉनिंग हिलवर सापडली आणि पुढे कॉर्नवॉलमध्ये सुरू झालेलं खणणं आजही थांबलेलं नाही.

दादा आणि वहिनी माझ्याकडे आले तेव्हा त्यांना कॉर्नवॉलमधलं ईडन प्रोजेक्ट हे उद्यान बघायचं होतं. प्रचंड पारदर्शक घुमट, आत विषुववृत्तीय जंगल, केळी, कोको, धबधबा. दादा खूश. म्हणाला, "बघ, याला म्हणतात निसर्ग जपणं. आपल्याकडे एवढी जागा असती तर खाण काढून मोकळे झाले असते."

मी म्हटलं, "दादा, आपण खाणीतच उभे आहोत."

त्याला वाटलं मी चिडवतेय. मग त्याला माहितीफलक दाखवला. ही बोडेल्वा नावाची चिनी मातीची खाण. नव्वदच्या दशकात ती संपली आणि 2001 साली तिथे हे उद्यान उघडलं. माती आधीच खणून नेलेली, म्हणून खाणीचाच टाकाऊ माल आणि कंपोस्ट मिसळून नवी माती तयार केली. तळ भूजलाच्या पातळीखाली असल्याने पाणी आजही उपसावं लागतं.

तेवढ्यावर तो मानणारा नव्हता. "बघ, म्हणजे शेवटी बंदच केली ना!" मग त्याच दिवशी त्याला सेंट ऑस्टेलजवळच्या व्हील मार्टिनला नेलं. तिथे चिनी मातीचं संग्रहालय आहे आणि मागच्या टेकडीवर एक कठडा, तिथून चालू खाण दिसते. पांढराशुभ्र खड्डा, खाली डंपर. ग्रॅनाइटमधल्या फेल्स्पारची माती झालेली असते, ती जोराच्या पाण्याने धुवून काढायची, वाळू आणि अभ्रक खाली बसू द्यायचं, उरलेलं मातीचं पाणी आटवायचं, गाळून सुकवायचं, ही इथली जुनी पद्धत. दादाने विचारलं, एवढं खणून हाती किती लागतं? एक टन मातीमागे साधारण नऊ टन टाकाऊ. त्या टाकाऊ मालाचे डोंगर सगळ्या परिसरात आहेत, लोक त्यांना कॉर्निश आल्प्स म्हणतात.

"मग हे आपल्यासारखेच की," दादा म्हणाला.

नाही, सारखे नाहीत, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. 1966 साली वेल्समध्ये अबरफॅनला कोळसा खाणीचा ढिगारा शाळेवर घसरला. 144 माणसं गेली, त्यातली 116 मुलं. त्यानंतर 1969 साली ब्रिटनने ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. कॉर्नवॉलचे जुने ढिगारे टोकदार आहेत आणि नंतरचे पायऱ्यापायऱ्यांचे, ते त्यामुळे. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची खराब होतात, त्या धुळीला युरोपीय संघात हवेच्या घनमीटरला 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आणि तो कठडा! कोणीही जाऊन चालू खाण बघू शकतो. आमच्या कोकणात गावकऱ्याने नुसतं विचारलं की मुदत कधी संपणार आणि खड्डा कोण बुजवणार, तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. हे सगळं माणसं मेल्यावर आणि नद्या नासल्यावर आलंय. सेंट ऑस्टेलची नदी चिनी मातीच्या गाळाने इतकी पांढरी वाहायची की तिचं नावच व्हाइट रिव्हर पडलं. प्रत्येक खड्ड्याचं ईडन होत नाही, बहुतेकांचं काहीच होत नाही. आणि युरोप स्वतःचं सगळं स्वतः खणत नाही. 2006 साली कॉर्नवॉलमध्ये शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, कारण चकचकीत कागदाच्या लेपाची माती ब्राझीलहून आणणं परवडत होतं. कागद तेवढाच खपत राहिला, खड्डा फक्त दुसऱ्यांच्या दारात गेला. "आपणही बंद करा" म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. युरोपीय संघाने तर 2024 साली कायदाच केलाय, सगळ्यात मोक्याच्या (strategic) कच्च्या मालाच्या गरजेपैकी 10 टक्के तरी 2030 पर्यंत आपल्याच जमिनीतून काढायचं. त्याच कायद्यातल्या महत्त्वाच्या (critical) कच्च्या मालाच्या मोठ्या यादीत आपल्या टाइल्समधला फेल्स्पारसुद्धा आहे.

म्हणून कोकणातल्या खाणी सरसकट बंद करा, असं मी म्हणणार नाही. ज्या बेकायदा आहेत त्या आजच बंद व्हाव्यात. बाकीच्यांबद्दल एक लक्षात ठेवा: फेब्रुवारी 2015 पासून सिलिका वाळू आणि चिनी माती ही गौण खनिजं आहेत, म्हणजे नियम आणि परवाने राज्याच्या हातात. तेव्हा दिल्लीच्या नावाने ओरडू नका. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. खाण बंद करण्याचा आराखडा मागा, पैशाची हमी किती आणि कुठल्या बँकेत ते विचारा, धुळीची मोजणी शेवटची कधी झाली त्याची प्रत मागा. दादाला मी हेच सांगितलं होतं. तो अजून निसर्गाचे फोटो पाठवतो, अर्ज मात्र टाकलेला नाही. तुम्ही टाका.