'जनुकीय' की 'आनुवंशिक'? आणि 'संकरित मूल' म्हणावे का?

नेरुळच्या एका लेखिकेने विचारले आहे: "दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहीत आहे. ठाणे खाडीचे पाणी वस्तीत शिरल्यानंतरच्या काळात खाऱ्या पाण्यावर जगता यावे म्हणून गर्भावस्थेतच तिवराचे (खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाचे) जनुक घातलेली मुले जन्माला येतात, अशी कल्पना आहे. या तंत्राला आनुवंशिक अभियांत्रिकी म्हणावे की जनुकीय अभियांत्रिकी? आणि त्या मुलांना 'संकरित' म्हटले तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक कथेला अधिक महागात पडेल. संकर होण्यासाठी दोन जिवांचे मीलन किंवा परागीभवन व्हावे लागते, आणि ते फळण्यासाठी दोघे एकमेकांच्या पुरेसे जवळचे असावे लागतात. १९७० साली आलेले एच-४ हे कापसाचे वाण खऱ्या अर्थाने संकरित होते, कारण त्यात कापसाचाच कापसाशी संकर होता. माणूस आणि तिवर यांचा संकर कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही. तुमच्या कथेत एका जिवातील जनुक उचलून दुसऱ्यात घातले जाते, आणि ही गोष्ट २००२ साली भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कापसाच्या जातीची आहे, ज्यात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात आणलेले असते. आपल्याकडे विकले जाणारे बीटी बियाणे बहुतेक वेळा संकरितही असते, त्यामुळे बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असावेत. अशा जिवांसाठी 'पारजनुकीय' हा शब्द रूढ होत आहे आणि तो नेमका आहे. 'जनुकीय सुधारित' या शब्दात सुधारणा झाल्याचा निवाडा आधीच दिलेला असतो, आणि क्वचित छापून येणारे 'जनुकीय परावर्तित' तर चूकच आहे, कारण परावर्तित होतो तो प्रकाश. जीव परिवर्तित होतो.

अर्थाची ही अडचण बाजूला ठेवली तरी 'संकर' हा शब्द मराठीत रिकाम्या हाताने येत नाही. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला वर्णसंकराचे भय वाटते, आणि त्या भयाचा वास आजही या शब्दाला आहे. म्हणून निवेदकाने तो वापरू नये. मात्र खाडीकाठच्या मुलांना सोसायटीत घर नाकारणाऱ्या एखाद्या पात्राने तो शिवीसारखा फेकला, तर एकही विशेषण न वापरता त्या समाजाची मानसिकता वाचकाला कळेल.

आता पहिला प्रश्न. हे दोन शब्द समानार्थी मानले जातात, पण तसे ते नाहीत. जनुकांशी संबंधित ते जनुकीय. वंशातून पुढच्या पिढीकडे जाते ते आनुवंशिक. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात २०२१ साली भारतातील पहिला कार-टी उपचार झाला. या उपचारात रुग्णाच्या रक्तातील टी पेशी बाहेर काढून त्यांत नवे जनुक घालतात आणि त्या पेशी पुन्हा शरीरात सोडतात. हा बदल निःसंशय जनुकीय आहे, पण तो रुग्णाच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आनुवंशिक नाही. याउलट २०१८ साली चीनमध्ये गर्भाच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर गदारोळ झाला तो मुख्यतः असा बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो म्हणून. तुमच्या मुलांची मुलेही खारे पाणी पिणार की त्यांना पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागणार, हे आधी ठरवा; शब्द आपोआप ठरेल, आणि कदाचित कथेचा उत्तरार्धही. ('अनुवंश' या शब्दाला 'इक' प्रत्यय लागताना आद्य स्वराची वृद्धी होते, म्हणून 'अनुवंशिक' असे न लिहिता 'आनुवंशिक' असेच लिहावे.)

तंत्राचे नाव म्हणून मी 'जनुक-अभियांत्रिकी' पसंत करीन. 'जनुकीय अभियांत्रिकी' चुकीचे नाही, परंतु ही जनुकांची अभियांत्रिकी आहे, आणि तत्पुरुष समास ते सरळ सांगतो. जॅक विल्यमसन या अमेरिकन लेखकाने या तंत्राचे इंग्रजी नाव १९५१ च्या विज्ञानकादंबरीत वापरले होते, म्हणजे डीएनएची दुपेडी रचना उलगडण्याच्या दोन वर्षे आधी. तेव्हा कथाकाराने शास्त्रज्ञांच्या परवानगीची वाट पाहावी असे नाही. 'जनुक' नपुंसकलिंगी आहे: ते जनुक, ती जनुके. तुमच्या कथेत अनेकवचनच हवे, कारण तिवर पानांतल्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो आणि ते काम एकट्या जनुकाचे नाही. या शब्दात 'जन्' धातू उघड दिसतो, आणि 'भावुक', 'घातुक' यांतला 'उक' ध्यानात घेतला तर 'जन्म देण्याचा ज्याचा स्वभाव ते' असा अर्थ लावता येतो. इंग्रजी 'जीन'च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्दही याच 'जन्'चा दूरचा भाऊ आहे. परकीय शब्दाला इतका जवळचा प्रतिशब्द मिळणे विरळाच.

खरी अडचण क्रियापदाची आहे. 'अभियांत्रिकी केलेले मूल' हे मराठीच नव्हे. आपल्याकडे 'घडवणे' आहे, आणि त्याबरोबर सराफाकडची 'घडणावळ' आहे. गर्भाचा दर सांगून झाल्यावर दवाखान्यातल्या बाईने "घडणावळ वेगळी" असे म्हटले, तर मला वाटते, तंत्राची दोन पाने वाचतील.

आणि हे सर्व शब्द निवेदकाचे व डॉक्टरांचे. कोळीवाड्यातली आजी यांपैकी एकही उच्चारणार नाही. तिच्यासाठी 'वाण' आहे. बियाण्याची जात म्हणजे वाण, आणि रंग म्हणजेही वाण. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" या म्हणीत तो रंगाच्या अर्थाने येतो. शेजाराने स्वभाव बदलेल, अंगचा रंग बदलणार नाही, हे त्या म्हणीचे गृहीतक आहे, आणि तुमची कथा नेमके तेच मोडते: तिवराशेजारी वाढलेल्या पोरांना तिवराचा वाणही लागला आहे. आजीने नातवाच्या हातावर साचलेले मीठ पदराने पुसत "याला वाणच लागला गं" एवढेच म्हणावे.