माझ्या कॉर्न स्नेकने गिळलेला उंदीर दोनदा ओकला. आता काय करू?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाजवळ राहता. लेकीच्या हट्टापायी घेतलेला कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) आता वर्षाचा झालाय आणि आठवड्याला एक छोटा उंदीर मजेत गिळत होता. मागच्या महिन्यात खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने उंदीर ओकला. 'बिचारा उपाशी राहील' म्हणून तुम्ही चार दिवसांनी दुसरा दिला, तोही दुसऱ्याच दिवशी बाहेर आला. आज तिसरा द्यावा का, असं विचारताय.

नका देऊ. आज नाही, उद्या नाही, पुढच्या रविवारीही नाही. शेवटच्या उलटीपासून १४ दिवस मोजा.

मी पशुवैद्य नाही. नॉर्थ कॅरोलिनात राहतो आणि नऊ वर्षांपासून एक कॉर्न स्नेक सांभाळतोय. रंगावरून तिचं नाव केशर ठेवलंय. तिनेही एका हिवाळ्यात हाच प्रकार केला होता आणि मी हीच घाई केली होती, त्यामुळे तुमची घालमेल ओळखीची आहे.

झालं असं, की त्या ऑक्टोबरमध्ये माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. केशरची काचेची टाकी तोवर पाहुण्यांच्या खोलीत होती. आईने दारातूनच टाकी पाहिली आणि सांगितलं, "त्या खोलीत ती तरी राहील नाहीतर मी तरी." टाकी बेसमेंटमध्ये गेली. खाली हीट मॅट होती, काचेवर पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेला गोल काट्याचा थर्मामीटर चिकटवलेला होता, तो ८४ फॅरनहाइट दाखवत होता. मी निश्चिंत.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी बेसमेंटचा दरवाजा उघडला आणि वास आला. ज्यांनी हा वास घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही घेतला त्यांना सांगून कळणार नाही. मेलेल्या उंदराचा वास वेगळा, हा त्याहून आंबट आणि दाट. भुशावर लांबट, चिकट गोळा पडला होता. साप भक्ष्य डोक्याकडून गिळतो, त्यामुळे डोकं पोटात सगळ्यात आत जातं आणि आधी तेच विरघळायला लागतं. इथे डोक्याच्या जागी नुसता करडा लगदा होता आणि मागचे पाय, शेपूट जशीच्या तशी, केस ओले होऊन चिकटलेले. पोट मात्र टम्म फुगलेलं. पचण्याऐवजी उंदीर आतल्या आत कुजत होता, हे त्या फुगलेल्या पोटावरून समजायला हवं होतं. मला समजलं नाही. मी सगळं साफ केलं आणि पाचव्या दिवशी दुसरा उंदीर दिला. तोही परत आला.

मग एका जुन्या जाणत्या पाळणाऱ्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तापमान कशाने मोजतोस?" मी त्या गोल काट्याचं सांगितल्यावर तो हसला. तीस डॉलरांच्या आत मिळणारी इन्फ्रारेड बंदूक आणली आणि केशर जिथे लपून बसायची त्या खोक्याखाली रोखली. ७० फॅरनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस. काचेवरचा काटा तेव्हाही ८४ दाखवत होता. रात्री बेसमेंट ६० पर्यंत उतरायचं आणि ती छोटीशी मॅट बाहेरच्या भिंतीच्या गारव्यापुढे हात टेकायची.

कॉर्न स्नेकला टाकीची एक बाजू २९ ते ३१ सेल्सिअस आणि दुसरी २३ ते २५ च्या आसपास लागते. फॅरनहाइटमध्ये ८४ ते ८८ आणि ७४ ते ७७. सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, त्यामुळे बाहेर ऊब नसेल तर पचन मंदावतं, पण उंदराच्या आतड्यातले जंतू काही थांबत नाहीत. कुजणं पचनाच्या पुढे गेलं की साप तो माल बाहेर टाकतो. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. तेव्हा तुम्ही आज एकच काम करा: गरम बाजूच्या लपणाखाली, साप प्रत्यक्ष जिथे पोट टेकतो तिथलं तापमान मोजा. काचेवरचं नाही, हवेतलं नाही. हात लावून 'गरम लागतंय' हेही धरू नका. मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर तो आधी घ्या, कारण उलट्या टोकाला जाऊन साप भाजल्याच्या गोष्टीही खऱ्या आहेत.

आता १४ दिवस कशाला? उलटी माणसाला जितकी महाग पडते त्याहून सापाला कितीतरी महाग. भक्ष्य पोटात गेल्यावर सापाचं जठर तीव्र आम्ल सोडतं. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ स्टीफन सेकॉर यांनी बर्मी अजगरांवर बरीच वर्षं काम केलंय. त्यांनी दाखवलं, की उपाशी अजगराच्या जठरात जवळजवळ आम्ल नसतं आणि खाल्ल्यानंतर एखाद्या दिवसात ते तीव्र आम्लधर्मी होतं, सोबत आतडी आणि हृदयही काही काळ वाढतात. कॉर्न स्नेकमध्ये हा चढउतार इतका टोकाचा नसतो, पण एवढं मांडलेलं सगळं उलटीत वाया जातं हे दोघांनाही लागू. वर ते आम्ल जाताना अन्ननलिका पोळत जातं, अंगातलं पाणी जातं, पचनाला मदत करणारे जंतूही जातात. अशा पोटात चार दिवसांनी पूर्ण उंदीर ढकलला तर तो परत येणारच. तुमची दुसरी उलटी बहुधा याचमुळे झाली, पहिलीच्या मूळ कारणामुळे नाही. पिल्लं अशा दोनतीन फेऱ्यांतच दगावतात. तुमचा वर्षाचा आहे, त्याच्याकडे थोडी शिल्लक आहे.

हे १४ दिवस त्याच्यापेक्षा तुम्हालाच जड जातील. आई, जी सापाकडे नीट बघतही नव्हती, तिला केशर उपाशी आहे कळल्यावर राहवेना. रोज जेवायला बसली की विचारायची, "तिला काही दिलंस का?" एकदा म्हणाली, दूध तरी ठेव वाटीत. सापाला दूध पचत नाही, नागपंचमीला नाग दूध पितो तो बरेच दिवस तहानलेला ठेवल्यामुळे, हे मी तिला समजावलं. ते तिला फारसं पटलं नाही. शेवटी म्हटलं, "आई, लंघन चाललंय तिचं." ते मात्र लगेच पटलं. आमच्या घरी ताप आला की पहिला उपाय तोच असायचा. धडधाकट कॉर्न स्नेक दोन आठवडे काय, त्याहून जास्तही खाण्यावाचून आरामात काढतो. पाणी मात्र ताजं आणि रोज हवं.

या काळात सापाला हातात घेऊ नका. लेकीला हे सांगणं अवघड जाईल, पण सांगा. पोटात काही असताना सापाला उचललं, घाबरवलं, तर तो वजन हलकं करून पळायची तयारी करतो. आमच्या गावी, शाहूवाडी तालुक्यात, मी लहानपणी हे मोठ्या मापात पाहिलंय. उसाच्या बांधाला एक अजगर करडू गिळून पडला होता, हलताही येत नव्हतं त्याला. बघता बघता पन्नास माणसं जमली, कुणी ढेकळं मारली, कुणी काठीने टोचलं. पाचसात मिनिटांत त्याने ते अख्खं करडू बाहेर काढलं आणि आम्ही पोरं मागे सरकेस्तोवर ओढ्याकडे निघूनही गेला. धामणही पकडली की असंच करते, कुठल्याही सर्पमित्राला विचारा. तुमच्या टाकीतला साप आकाराने बोटभर असला तरी स्वभाव तोच. एरवीही जेवणानंतर निदान ४८ तास, मोठं भक्ष्य असेल तर ७२ तास हात लावायचा नाही. तुमची लेक दुसऱ्या दिवशी त्याला खेळायला बाहेर काढते का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. मला शंका आहे.

उंदराचा आकार हे तिसरं कारण. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढाच किंवा फार तर दीडपट जाडीचा उंदीर चालतो. उलटीतला उंदीर जवळजवळ अखंड, एकदोन दिवसांत आला असेल तर आकार किंवा हाताळणी यांच्यावर संशय घ्यायचा. तीनचार दिवसांनी कुजून आला असेल तर तापमानावर. हा काही अचूक ठोकताळा नाही, पण मला उपयोगी पडलाय. आणि उंदीर गोठवलेला आणता ना? मग तो रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या, नंतर पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा. बोटाने पोट दाबून बघा, मध्ये गारेगार लागला तर अजून थांबा. मायक्रोवेव्ह कधीच नाही. (ज्या घरात उंदीर फ्रीझरमध्ये असतात तिथे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे खवलेल्या नारळाचा डबा शेजारीच होता. त्या दिवसाबद्दल जास्त बोलत नाही.)

१४ दिवसांनी पहिलं जेवण नेहमीच्या एकतृतीयांश आकाराचं. तुमचा हॉपर (केस आलेलं, उड्या मारायला लागलेलं पिल्लू) खात असेल तर एक पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू. एकच. त्याने अजून मागितलं, काचेवर तोंड घासलं, तरी एकच. ते पोटात राहिलं तर आठदहा दिवसांनी पुन्हा पिंकी, मग थोडं मोठं. नेहमीच्या आकारावर यायला मला दीड महिना लागला. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा बाजूला काढून ठेवा, अर्थात पुन्हा कणकेसाठी वापरायचा नाही, आणि आठवड्याला वजन लिहून ठेवा. केशर ११८ ग्रॅमवरून १०४ वर आली होती. परत ११८ गाठायला मार्च उजाडला.

डॉक्टरकडे कधी जायचं? तुमच्या बाबतीत दोन उलट्या झाल्यात, म्हणून मी म्हणेन आताच एक भेट घ्या, निदान विष्ठेची तपासणी तरी. तिसरी उलटी झाली, वजन उतरतच राहिलं, तोंडातून फेस किंवा रक्त आलं, तर वाट बघायची नाही. आणि अंगाच्या मधल्या भागात, जेवण नसताना, कायमचा फुगवटा दिसला तर लगेच. हा फुगवटा क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचा असू शकतो, त्याने जठराची भिंत जाड होते आणि साप खाल्लेलं परत परत काढतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि साध्या ब्लीचने त्याचे बीजाणू मरतही नाहीत. घरात दुसरा साप असेल तर आधी त्याचं सगळं उरका, मग याच्याकडे या, भांडी-चिमटे वेगळे ठेवा. तपासणीसाठी उलटी आणि विष्ठा दोन्ही झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवता येतात, खाण्यापासून दूर. हात साबणाने धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू सर्रास असतो, त्यामुळे लेकीलाही तीच शिस्त.

डॉक्टर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलाच शोधा. मी आधी जवळच्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी केशरला टॉवेलमध्ये गुंडाळून परत दिलं आणि ७५ डॉलर घेतले. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची एक संघटना आहे, तिच्या संकेतस्थळावर राज्यानुसार डॉक्टर शोधता येतात, जॉर्जियातलेही सापडतील. तोवर इंटरनेटवर वाचून औषध देऊ नका. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाचं नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल, पण त्याचा डोस चुकला तर सापाच्या मेंदूवर परिणाम होतो, तोल जातो, डोकं उलटं वळतं.

हे उत्तर भारतात कुणी वाचत असेल तर एवढंच: धामण, दिवड, अजगर, कुठलाही देशी साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. खोक्यात ठेवलेला साप ओकत असेल तर त्याचा उपचार घरी करायचा नसतो, वनखात्याला किंवा सर्पमित्राला फोन करायचा असतो.

तुमच्या सापाबद्दल अजून तीन गोष्टी कळल्या तर नेमकं सांगता येईल: लपणाखालचा बंदुकीने मोजलेला आकडा (रात्री दोनचा आणि दुपारचा), सापाचं वजन, आणि पहिल्या उलटीच्या आदल्या दिवशी त्याला कुणी हातात घेतलं होतं का. लेकीला न रागावता विचारा, नाहीतर तिसऱ्याचं उत्तर खरं मिळणार नाही.