कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या नेटवर्कसाठी मेंबरशिप कशी आखावी?

प्रश्न: मी अटलांटात एका सेवाभावी संस्थेत काम करते. आमच्याकडे कृष्णवर्णीय व्यावसायिकांचं एक नेटवर्क चालतं. आजवर सगळं फुकट होतं. आता वर्गणी घेऊन मेंबरशिप सुरू करायची ठरलीय आणि आराखडा माझ्या गळ्यात पडलाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मी शिकागोत व्यावसायिक संघटनांची सभासद-खाती सांभाळतो, त्यामुळे हे रोजचंच काम आहे. सगळ्यात आधी एक सांगतो, सवलतींच्या यादीपासून सुरुवात करू नका. मेंबरशिप म्हटलं की आपल्या डोक्यात मराठी मंडळ येतं. फॅमिली मेंबरशिप घेतली की गणपती-दिवाळीच्या तिकिटात अमुक डॉलर सूट. हिशोब जुळला की पैसे भरून मोकळे. मंडळाचं त्यात भागतं, कारण दिवाळीच्या कार्यक्रमाला लोकांना यायचंच असतं. तुमच्याकडे त्यांनी का यावं, हेच अजून ठरायचंय.

अशा संघटना का निघाल्या ते बघा. डॉक्टरांची नॅशनल मेडिकल असोसिएशन १८९५ मध्ये तुमच्याच अटलांटात स्थापन झाली, कारण गोऱ्या डॉक्टरांच्या संघटना कृष्णवर्णीयांना दारातच अडवत. (अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २००८ मध्ये.) वकिलांची नॅशनल बार असोसिएशन १९२५ ची, अकाउंटंटांची नाबा १९६९ ची, पर्ड्यू विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी काढलेली इंजिनिअरांची नेस्बी १९७५ ची. आज कागदोपत्री दार उघडं आहे. पण ऑफिसच्या अख्ख्या मजल्यावर आपल्यासारखं दुसरं कोणी नाही, बढती का हुकली हे मोकळेपणाने विचारावं असं कोणी नाही, हे दुखणं शिल्लक आहे. लोक पैसे मोजतील ते यासाठी.

आणि तुमची स्पर्धा लिंक्डइनशी आहे असं समजू नका. ती आहे चर्चशी, एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या नागरी हक्क संघटनेशी, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाशी आणि मुख्य म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरोरिटींशी, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या आणि मुलींच्या बंधू-भगिनी संघांशी. आपल्याला वाटतं कॉलेज संपलं की हे प्रकार संपत असतील. इथे तसं नाही. अल्फा फाय अल्फा १९०६ ची, अल्फा कप्पा अल्फा १९०८ ची, आणि साठीतली माणसंसुद्धा त्यांच्या ग्रॅज्युएट चॅप्टरची (पदवीधरांच्या शाखेची) वर्गणी हौसेने भरतात. म्हणजे ज्या बाईंकडे तुम्ही वर्षाला समजा दीडशे डॉलर मागणार, त्यांच्या डोक्यावर आधीच तीन-चार वर्गण्या असू शकतात. ‘समाजासाठी’ हे आवाहन तिथे होऊन गेलेलं असतं. तुम्ही त्यांच्या नोकरीबद्दल बोला.

त्यासाठी एकच माणूस डोळ्यांसमोर धरा. माझं मत विचाराल तर आठ-दहा वर्षं नोकरी झालेला, मॅनेजरपदावर अडकलेला. विद्यार्थ्यांसाठी पुष्कळ काही असतं, अगदी वरच्यांसाठी एक्झिक्युटिव्ह लीडरशिप कौन्सिलसारख्या संस्था आहेत. मधला माणूस लटकतो. अशा पंधरा-वीस जणांना प्रत्यक्ष भेटा. सर्व्हेचा फॉर्म पाठवू नका, आणि ‘तुम्हाला काय हवंय’ असंही विचारू नका. सगळे ‘नेटवर्किंग’ म्हणतील आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. ‘मागच्या वर्षी नोकरीत अडलात तेव्हा पहिला फोन कोणाला केलात?’ असं विचारा. बहुतेकांचं उत्तर ‘बायकोला’ किंवा ‘कोणालाच नाही’ असं आलं, तर काय विकायचं ते तुम्हाला कळलं. आणखी एक, तुम्ही-मी भारतीय. या भेटीत बोलणं नेटवर्कमधल्याच कोणाला तरी करू द्या, तुम्ही टिपणं घ्या.

माझ्या पाहण्यात सगळ्यात टिकाऊ ठरलेली गोष्ट म्हणजे सहा-सात जणांचा कायमचा गट. महिन्यातून एकदा, तीच माणसं, वेगवेगळ्या कंपन्यांतली. अशा एका गटात एकीने नव्या नोकरीचं ऑफर लेटर टेबलावर ठेवलं, पगाराचा आकडा अंगठ्याने झाकून. पलीकडच्याने स्वतःचा आकडा सांगितला, मग तिसरीने. अंगठा आपोआप सरकला. तिला मिळणारी रक्कम बरीच कमी होती, आणि पुढचा तासभर कंपनीला उलट काय लिहायचं याच्यावरच गेला. त्या बाई पुढच्या वर्षी रिन्यू करतील की नाही, याची काळजी कोणाला करावी लागली नाही. वेबिनार, न्यूजलेटर, डिस्काउंट कोड हे सगळं तोंडी लावणं.

वरिष्ठांसाठी ‘प्लॅटिनम’ वगैरे पायरी काढून फायदे वाढवत बसू नका. त्यांना फायदे नको असतात, काम हवं असतं. ‘लिफ्टिंग ॲज वी क्लाइंब’, म्हणजे स्वतः वर चढताना दुसऱ्यालाही उचला, हे कृष्णवर्णीय महिलांच्या राष्ट्रीय संघटनेचं १८९६ पासूनचं ब्रीद, आणि नाबाचंही तेच. बामसेफच्या माणसाला ‘पे बॅक टू सोसायटी’ समजावून सांगावं लागत नाही, तसंच हे. त्यांची वर्गणी दुप्पट ठेवा, त्यातून एका विद्यार्थ्याची मेंबरशिप निघेल असं स्पष्ट लिहा, आणि एकेक गट त्यांच्या हाती द्या.

पैशाचा हिशोब कडू आहे. २०० सभासद गुणिले १५० डॉलर म्हणजे ३०,००० डॉलर. त्यात एक पूर्णवेळ माणूससुद्धा ठेवता येत नाही. म्हणून सगळे स्पॉन्सरकडे बघतात. पण २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर आलेला कॉर्पोरेट पैसा किती चंचल होता हे आपण पाहिलंच. वंशवैविध्याच्या उपक्रमांविरुद्ध जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या सरकारी आदेशांनंतर कंपन्या असल्या कार्यक्रमांवर नाव लावायलाही बिचकू लागल्या. स्पॉन्सर घ्याच, पण पगार, जागा, सॉफ्टवेअर हा कायमचा खर्च त्यांच्यावर टाकू नका. आणि कंपनीकडून पैसे काढायचा दुसरा रस्ता प्रशिक्षणाचा आहे. तुमच्या जॉर्जिया राज्यात सीपीएंना, म्हणजे परवानाधारक अकाउंटंटांना, दोन वर्षांत ८० तासांचं सीपीई (व्यावसायिक प्रशिक्षण) दाखवावं लागतं. तुमची सत्रं त्यात धरली जातील अशी मान्यता घेतलीत तर कंपनी तो खर्च प्रशिक्षणाच्या बजेटमधून करू शकते, वेगळी परवानगी मागावी लागत नाही. दरमहा साडेबारा डॉलर भरायची सोयही ठेवा, एकदम दीडशे काढताना हात आखडतो.

सभासदत्वाचा नियम लिहाल तो वकिलाला दाखवल्याशिवाय छापू नका. अटलांटाच्याच फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेने कृष्णवर्णीय उद्योजिकांपुरतं अनुदान ठेवलं होतं. जून २०२४ मध्ये अकराव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्टाने) ते रोखलं आणि त्याच वर्षी तडजोडीत ते बंद झालं. आधार होता १८६६ चा नागरी हक्क कायदा, जो गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी केला होता! करारात वंश बघायचा नाही असं तो म्हणतो, आणि वर्गणी घेऊन दिलेली मेंबरशिप हाही करारच. तेव्हा ‘संस्थेचा उद्देश मान्य असलेल्या कोणालाही प्रवेश’ असं लिहा. नेस्बीचं सभासदत्वही सर्वांना खुलं आहे. त्याने नेटवर्कचा रंग बदलत नाही.

पावतीचं शेवटचं. संस्था ५०१-सी-३, म्हणजे करमुक्त सेवाभावी म्हणून नोंदलेली, असेल तर वर्गणी म्हणजे सरसकट देणगी नव्हे. ७५ डॉलरपेक्षा जास्त घेऊन बदल्यात काही दिलंत, तर त्या फायद्याची अंदाजे किंमत लेखी कळवावी लागते आणि करवजावट फक्त उरलेल्या रकमेवर मिळते. संस्थेच्या अकाउंटंटला हे मजकूर ठरवतानाच बसवा, नाहीतर पहिल्या मार्चमध्ये, करविवरण भरायच्या दिवसांत, सभासदांचे फोन तुम्हालाच येतील.