इंग्लंडमधल्या पबात बिअर कोमट आणि बिनफेसाची का देतात?

कोमट नसते हो, फक्त बर्फगार नसते. कास्क एल, म्हणजे पिंपातून थेट दिली जाणारी पारंपरिक बिअर, तळघरातून 11 ते 13 अंशांवर येते. माठातल्या पाण्यापेक्षा जरा गारच म्हणा. ही बिअर गाळलेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं, आंबणं तिथेच पूर्ण होतं, आणि त्यातून जेवढा वायू तयार होतो तेवढाच. वरून गॅस भरत नाहीत, म्हणून बुडबुडे कमी. बारवरचा लांब दांडा म्हणजे साधा हातपंप: दोन-तीनदा ओढला की 568 मिलीचा पाइंट भरतो. पिंप उघडलं की आत हवा जाते, त्यामुळे तीनेक दिवसांत संपवावं लागतं. आंबूस लागली तर बेलाशक परत करा.

अस्सल नमुना हवा असेल तर कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा ब्लू अँकर गाठा. स्वतःच्या आवारात बिअर बनवणारे जुने पब 1970च्या दशकाच्या सुरुवातीला देशभरात जेमतेम चार उरले होते, त्यातला हा एक. इथल्या बिअरचं नाव स्पिंगो. माझ्या मते पहिल्यांदा त्यातली 'मिडल' घ्या.

शाकाहारी असाल तर आधी विचारा: कास्क एल नितळ करायला परंपरेने माशाच्या वाताशयाचा अर्क वापरतात.